पहिल्या लोकलची वाट

पहाटेच्या अजानच्या सुमारास मी दार उघडतो, तेव्हा आमच्या चाळीच्या जिन्यावर एक मुलगी भेटते. चपला हातात घेऊन ती वर चढत असते. कोणाची झोप मोडू नये म्हणून, आणि कोणाला कळू नये म्हणूनही. मुंबईतल्या एका परमिट रूममध्ये ती रात्रपाळीला वेटर आहे.

एकदा मी विचारले, "पोरी, तुमचं हॉटेल दीडला बंद होतं ना? मग इतका उशीर का?"

ती म्हणाली, "चाचा, दीडला गिऱ्हाईक उठतं. पण मग गाडी कुठे असते?"

तिच्या आयुष्याची सगळी अडचण या एका प्रश्नात आहे. शेवटची लोकल एकच्या सुमारास निघून जाते आणि पहिली चारनंतर सुटते. मधले तीन तास कुठे काढायचे? रिक्षा केली तर रात्रीची टीप भाड्यातच जाते. म्हणून टेबले पुसून, खुर्च्या उलट्या ठेवून झाल्यावर या मुली हॉटेलातच भिंतीला टेकून बसतात. पगार थोडा, भिस्त सारी टीपवर. म्हणून ताप असला तरी सुट्टी परवडत नाही. टीपसाठी हसावे लागते आणि त्या हसण्याचा भलता अर्थ काढणाराही एखादा असतोच.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंधन होते. २०१७ च्या नव्या कायद्याने रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली. पण अटी घातल्या. बाईची संमती हवी, तिच्या सन्मानाची व सुरक्षिततेची काळजी हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय हवी. मात्र थोडे कामगार असलेली लहान हॉटेले या तरतुदींबाहेर राहतात. छळाच्या तक्रारीसाठी २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे किती जणींना ठाऊक असते?

मद्य मिळते तिथे बाईने काम करावे का, हा वादही जुना. पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्यातली अशी बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द ठरवली. बाईला सुरक्षितता द्या, तिचे काम काढून घेऊ नका, असा त्या निकालाचा रोख होता. महाराष्ट्रात २००५ ची बंदी बारमधल्या नाचावर होती, थाळी-ग्लास नेणाऱ्या हातांवर नव्हती. पण लोकांच्या नजरेला हा फरक कळला नाही.

मागे चाळीच्या बैठकीत जिन्यावर रात्रभर दिवा ठेवायची गोष्ट निघाली. एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या रात्री दिवा कोणासाठी जाळायचा?" मी म्हणालो, "दूधवाला येतो, पेपरवाला येतो आणि ती मुलगी येते. तिघेही कामाचीच माणसं." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वर्गणी ठरली.

दिवा लागला. चपला मात्र ती अजून हातातच घेते.