सरासरीच्या नियमाची थकबाकी

एखादा नामांकित फलंदाज लागोपाठ चार डावांत स्वस्तात बाद झाला, की ‘लॉ ऑफ ॲव्हरेजेस’प्रमाणे पाचव्या डावात त्याच्या धावा होणारच, असे भाकीत क्रिकेटच्या समालोचनात हमखास ऐकू येते, आणि उकिरड्याची दैनादेखील बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार रूढ असल्यामुळे, हा इंग्रजी वाक्प्रचार परका न वाटता, आजीच्याच वचनावर गणितशास्त्राने शिक्कामोर्तब केल्यासारखा वाटतो. वस्तुतः गणिताने असा कोणताही दाखला दिलेला नाही.

गैरसमज पहिला : एक बाजू फार वेळा आली, की पाळी दुसरीची.

वस्तुस्थिती : १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंते कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावरील गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली, आणि ‘आता तरी लाल येणारच’ या भरवशावर दर खेपेस पणाची रक्कम वाढवीत गेलेली मंडळी नागवली गेली. त्या चाकावर १८ घरे लाल, १८ काळी आणि एक शून्याचे असते. मागील खेपांचे दप्तर गोळीजवळ नसल्यामुळे, सव्विसाव्या खेपेसही लाल येण्याचा संभव पहिल्या खेपेइतकाच, म्हणजे ३७ पैकी १८, होता. पुत्राची आस लागलेले गृहस्थ पत्नीच्या बाळंतपणाच्या महिन्यात इतरांना मुलगे झाल्याचे ऐकून चिंताक्रांत होत, असे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ च्या ग्रंथात नमूद केले आहे. ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच’ म्हणणारे आपले आप्तेष्ट त्याच पंक्तीचे.

गैरसमज दुसरा : दीर्घ काळात छापा आणि काटा यांचा हिशेब चुकता होतो.

वस्तुस्थिती : दक्षिण आफ्रिकेत गणित शिकविणारे जॉन केरिच १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मन फौजांनी तो देश व्यापला, आणि स्थानबद्धांच्या छावणीत त्यांनी एक नाणे १०,००० वेळा उडवून प्रत्येक निकाल टिपून ठेवला. पहिल्या १०० खेपांत छापा ४४ वेळा, म्हणजे निम्म्याहून ६ ने कमी पडला होता. १०,००० खेपांअखेर तो ५,०६७ वेळा, म्हणजे निम्म्याहून ६७ ने अधिक पडला. अंतर मिटले नाही, उलट वाढले. परंतु एकूण खेपांशी त्याचे प्रमाण मात्र ६ टक्क्यांवरून पाऊण टक्क्याच्याही खाली उतरले. याकोब बेर्नुली याने सिद्ध केलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेला महासंख्यांचा नियम सांगतो तो एवढाच : जुनी थकबाकी कोणी वसूल करीत नाही, नव्या राशीच्या विस्तारात ती नगण्य होऊन जाते.

गैरसमज तिसरा : तर मग मागील निकालांना कधीच अर्थ नसतो.

वस्तुस्थिती : हेही दुसरे टोक झाले. ५२ पत्त्यांच्या जोडातून काढलेली पाने परत न मिसळता लागोपाठ १० लाल पाने निघाली, तर उरलेल्या ४२ पानांत २६ काळी असतात, आणि पुढचे पान काळे निघण्याचा संभव खरोखरच वाढलेला असतो. कारण जोडाला स्मृती नसली, तरी शिल्लक असते. नाण्याला व रुलेटच्या चाकाला अशी शिल्लक नसते, म्हणून कोणताही तर्क लढविण्यापूर्वी समोर जोड आहे की नाणे, याची शहानिशा केली पाहिजे.

फलंदाज या दोहोंपैकी काहीच नव्हे. त्याची सरासरी ५० असेल, तर पाचव्या डावात त्याच्याकडून बऱ्या धावांची अपेक्षा बाळगणे सर्वस्वी रास्त आहे. मात्र ती त्याच्या अंगच्या गुणामुळे, मागील अपयशाची भरपाई म्हणून नव्हे. ‘सरासरीचा नियम’ हा शब्दप्रयोग वाचकांनी खुशाल करावा, पण त्याच्या भरवशावर पैज लावू नये.