मोडीचा चौथा बाइट

तीन वर्षांपूर्वी एका परिचिताच्या वाड्यातला रुमाल माझ्याकडे वाचनासाठी आला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. आत कर्जरोखे, वाटणीपत्रे आणि थोडी घरगुती पत्रे होती; सारे मोडीत. मी कोणत्याही संस्थेचा अभ्यासक नाही. मोडी हौसेने शिकलो, संगणक त्याहून उशिरा, गरजेपोटी. वाचलेल्या कागदांच्या नोंदी मी भाड्याच्या एका सर्व्हरवर, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. नोंदीत आधी कागदाचा विषय देवनागरीत, मग अडलेला शब्द मोडीत जसाच्या तसा, आणि त्यापुढे माझे वाचन व शेरा.

चार महिन्यांनी रुमाल परत केला. पुढे केव्हातरी नोंदी चाळायला बसलो, तर प्रत्येक नोंद मोडी शब्दाच्या तोंडाशी येऊन थांबलेली. मोडी शब्द नाही आणि त्यापुढचा देवनागरी शेराही नाही. नोंदी करताना पडद्यावर चुकीची एकही सूचना आली नव्हती. बॅकअप रोज होत होता, पण त्याने तुटक्या नोंदींचीच इमानाने नक्कल करून ठेवली होती. मधल्या काळात वाडा पाडला गेला होता आणि कागद भाऊबंदांत विखुरले होते. निम्म्याहून अधिक वाचने पेन्सिलीच्या कच्च्या वहीतून परत मिळाली. बाकीची गेली.

असे का झाले, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो. आज वंशावळी, ओव्या, बोलींचे शब्द, ग्रंथसूची असे कितीतरी संग्रह हौशी माणसे डेटाबेसमध्ये ठेवत आहेत, म्हणून ते सांगणे अगत्याचे वाटते.

चार घरांचे अक्षर

संगणक अक्षर साठवतो ते बाइट या एककात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेली यूटीएफ-८ ही पद्धत आज जगभर चालते. तिच्यात साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागा तीन बाइटांत मावतात आणि देवनागरी त्यांतच आहे. मोडी मात्र उशिरा आली. अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर २०१४ साली, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, तिला जागा मिळाली ती त्या पहिल्या वस्तीबाहेर. म्हणून मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात.

गोम अशी, की मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचे जे सेटिंग वर्षानुवर्षे वापरात होते, ते तीन बाइटांपर्यंतच चालते. चार बाइटांचे खरे सेटिंग ‘यूटीएफ८एमबी४’ या नावाने २०१० मध्ये आले आणि ते मूळ सेटिंग झाले २०१८ मधल्या ८.० आवृत्तीपासून. माझा जुना सर्व्हर चार बाइटांवर लावलेला होता. मधे सर्व्हर बदलला गेला आणि नव्या ठिकाणी तीन बाइटांचे सेटिंग राहिले. या रुमालासाठी मी नवे टेबल केले. त्याने नव्या सर्व्हरचे माप उचलले, आणि जोडणीही त्याच मापाची झाली.

इथवर चूक असती तरी ती ओरडून सांगितली गेली असती. पण दुसरे एक सेटिंग आहे, ‘एसक्यूएल मोड’. ते कडक असेल तर न मावणारी नोंद सर्व्हर नाकारतो. सैल असेल तर पहिल्या न मावणाऱ्या चिन्हापाशी मजकूर कापतो, उरलेले टाकून देतो आणि मनाशी एक इशारा नोंदवतो. तो इशारा मुद्दाम विचारला तरच मिळतो. २०१५ मधल्या ५.७ आवृत्तीपासून हा कडकपणा मुळातच चालू असतो. पण जुने प्रोग्राम अडतात म्हणून तो काढून ठेवण्याची वहिवाट आहे. माझ्याकडे तसेच झाले होते.

तिसरे सेटिंग याहून फसवे आहे. त्याला कोलेशन म्हणतात. कोणते अक्षर कोणाच्या बरोबरीचे, हे ते ठरवते. यूटीएफ८एमबी४ चे जुने मूळ कोलेशन चार बाइटांच्या सर्व चिन्हांना एकच वजन देते. म्हणजे पाच चिन्हांचा एक मोडी शब्द आणि पाच चिन्हांचा कोणताही दुसरा मोडी शब्द त्याच्या लेखी एकच! अक्षरे शाबूत असतात, पण शोध खोटे बोलतो. ८.० मधले नवे मूळ कोलेशन हा भेद ओळखते. मात्र जुनी टेबले सर्व्हर अद्ययावत केल्यावरही आपला जुना नियमच धरून राहतात.

मर्यादेयं विराजते

शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उठवलेली आढळते. पत्राची मर्यादा इथे संपली, पुढे कोणी काही जोडू नये, हा तिचा अर्थ. मजकूर पुरा उतरला की नाही, हे कागद स्वतःच सांगत असे. माझ्या नोंदींना अशी मुद्रा नव्हती. कापलेली नोंद आणि मुळात छोटी नोंद दिसायला सारखीच.

म्हणून आता सेटिंगांवर पहारा ठेवतो. त्याची रीत अवघड नाही. पहिली गोष्ट, सेटिंगांची फाइल वाचून समाधान मानू नये. चालू सर्व्हरलाच विचारावे. फाइलमध्ये केलेला बदल सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत बहुधा लागू होत नाही. उलट, चालू सर्व्हरवर तात्पुरता केलेला बदल पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. फाइल हा आपला इरादा, चालू किंमत ही वस्तुस्थिती. ‘शो व्हेरिएबल्स’ ही आज्ञा दिली की वस्तुस्थितीची सगळी यादी मिळते. ती शेकडो ओळींची असते. एकदा नीट तपासून ती जपून ठेवावी आणि रोज नवी यादी काढून तिच्याशी ताडावी. हे काम संगणकच करतो. आपण फक्त फरक वाचायचा.

दुसरी गोष्ट, सगळे फरक सारख्या तोलाचे नसतात. स्मरणशक्तीचे आकडे बदलले तर काम हळू होईल, इतकेच. पण अक्षरसंच, कोलेशन, एसक्यूएल मोड आणि टाइम झोन ही सेटिंगे बदलली तर नोंदीचा अर्थच बदलतो. लिहिलेले डिस्कवर कधी पक्के करायचे, हे ठरवणारे सेटिंग सैल केले तर वीज जाताच शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. या मोजक्या सेटिंगांत फरक दिसला, तर त्याच दिवशी कारण शोधावे.

तिसरी गोष्ट, बदल कुठून आला ते पाहावे. ८.० पासून मायएसक्यूएल प्रत्येक सेटिंगाची किंमत मूळची आहे, फाइलमधून आली आहे की चालू असताना कोणी बदलली, हे सांगतो. चालू असताना बदलली असल्यास केव्हा आणि कोणी, तेही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही सेटिंगाचा उगम विचारता येतो. का बदलले, हे मात्र कोणताही सर्व्हर सांगत नाही. ते वहीत आपणच लिहायचे.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. यादी बरोबर असली तरी खात्री होत नाही, कारण सर्व्हरचे सेटिंग एक आणि टेबलाचे दुसरे असू शकते. म्हणून रोज पहाटे माझा प्रोग्राम एका चाचणी-टेबलात मोडी शब्द लिहितो, त्यापुढे देवनागरी ‘इति’ लिहितो आणि लगेच परत वाचतो. मग तितक्याच चिन्हांचा दुसरा मोडी शब्द शोधतो. पहिला सापडला तर कोलेशन चुकले. हे टेबल नोंदींच्या टेबलांसारखेच बनवलेले असावे, नाहीतर चाचणी भलत्याच घराची होईल.

आपला संग्रह दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल आणि यातले काही करणे जमत नसेल, तर एकच करावे. आज एक नोंद लिहावी, तिच्या मध्यावर मोडीतले एक अक्षर घालावे आणि उद्या ती उघडून शेवटचा शब्द आहे का ते पाहावे. मूळ कागद घरी आहे, तोवरच हे पाहिलेले बरे.