‘स्विफ्टचा ऑइल फिल्टर द्या’

दिल्लीत कश्मीरी गेट मेट्रो स्थानकातून बाहेर पडून मोरी गेटकडे चालू लागलं, की गाड्यांच्या सुट्या भागांचा अवाढव्य बाजार लागतो. गल्ल्यांमधून खोक्यांच्या थप्प्या, हातगाड्या, हमालांची ओरड. इथे कुणी ‘स्विफ्ट का ऑइल फिल्टर’ मागितला, तर जाणता दुकानदार आधी उलट विचारतो, ‘कौन सी स्विफ्ट?’

प्रश्न अगदी रास्त आहे. स्विफ्ट भारतात 2005 मध्ये आली ती 1.3 लिटर पेट्रोल इंजिन घेऊन. 2007 मध्ये तिच्यात फियाटचं 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन आलं. ते दिल्लीजवळच्या मानेसरला बनायचं आणि त्याचंच भावंड आपल्या रांजणगावात. 2010 मध्ये 1.2 लिटर के-सिरीज पेट्रोल आलं. 2020 मध्ये मारुतीने डिझेलला रामराम ठोकला आणि 2024 च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं नवं इंजिन बसलं. नाव एकच, पोटातलं यंत्र निरनिराळ्या तऱ्हांचं. पेट्रोल स्विफ्टला पत्र्याच्या डबीचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर लागतो, तर मल्टिजेटमध्ये डबीच नसते. इंजिनवरच्या घराचं झाकण उघडून आत नुसता कागदी गाभा घालायचा असतो.

म्हणून फिल्टर घ्यायचा तो गाडीच्या नावावर नव्हे, भाग क्रमांकावर. आरसी बुकात 17 अंक-अक्षरांचा चॅसिस क्रमांक असतो. मारुतीचा बहुधा ‘एमए3’ने सुरू होतो. तो सांगितला की कंपनीच्या पार्ट्‌स काउंटरवर नेमका भाग क्रमांक मिळतो. मग बॉश, प्युरोलेटर, फरिदाबादची एलोफिक अशा कुणाचाही फिल्टर घ्या, त्यांच्या कॅटलॉगमध्ये त्या क्रमांकासमोर स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. दिल्लीतून एनओसी काढून महाराष्ट्रात आलेली जुनी डिझेल गाडी ज्यांनी घेतली आहे, त्यांनी तर आधीच्या मेकॅनिकने लावलेल्या फिल्टरवर विसंबूच नये.

‘जुना काढून दाखवा, तसाच देतो’ ही पद्धत सर्रास चालते. ती फसते कुठे, ते आट्यांत पाहावं. होंडा, ह्युंदाईच्या पुष्कळ इंजिनांना 20 मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात. टोयोटाच्या पुष्कळ इंजिनांना पाऊण इंचाचे, इंचाला 16 आटे. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. त्यामुळे 20 चा फिल्टर पाऊण इंचाच्या नळीवर फिरतो, आवळलाही जातो, पण पकड ढिली राहते. इंजिन चालू होऊन तेलाचा दाब चढला की तो निसटू शकतो, आणि तेल रस्त्यावर सांडायला मग फार वेळ लागत नाही.

आट्यांचा फरक निदान मोजता येतो, डबीच्या आतला दिसतही नाही. तेल कडेच्या भोकांतून आत शिरतं, घड्यांच्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात परततं. आत एक रबरी पडदा असतो; इंजिन बंद झाल्यावर तो तेल मागे सांडू देत नाही. तो नसेल किंवा कडक झाला असेल, तर आडव्या बसवलेल्या फिल्टरातलं तेल रात्रीत उतरतं आणि सकाळी चावी फिरवताच वरून टकटक ऐकू येते. शिवाय कागद तुंबला तर तेल न गाळताच पुढे सोडणारी एक झडप असते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक ठरलेलं असतं. चुकीच्या डबीत ती लवकर उघडली, की कचऱ्यासकट तेल बेअरिंगांवर जातं. इंजिन मात्र तक्रार न करता चालत राहतं, आणि तिथेच घात होतो.

मारुतीच्या पेट्रोल गाड्यांना सर्वसाधारणपणे 10,000 किलोमीटर किंवा वर्ष, यांतलं जे आधी येईल तेव्हा तेल आणि फिल्टर बदलायचा असतो. पण माहितीपुस्तिकेत ‘खडतर वापर’ म्हणून वेगळा तक्ता असतो: धूळ, जवळच्या जवळच्या फेऱ्या, सतत थांबत चालणारी रहदारी. गुरुग्राम ते नोएडा रोज जाणाऱ्याने तो तक्ता आपल्यासाठीच छापलाय असं खुशाल समजावं.

बसवताना नव्या रबराला बोटाने तेल लावायचं, जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना ते पाहायचं आणि रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळायचा. पाना फक्त काढण्यासाठी. नंतर इंजिन मिनिटभर चालवून खाली गळती पाहायची आणि थोड्या वेळाने डिपस्टिक.

राहिला नकली माल. कश्मीरी गेटमध्ये बनावट भागांवर पोलिसांचे छापे अनेकदा पडले आहेत. शे-दीडशेच्या फिल्टरवर दुकानदार निम्मी सूट देऊ लागला, तर पक्कं बिल मागावं. नकली असेल तर बहुधा तिथेच बोलणं संपतं. आणि अस्सल फिल्टर बसवून झाल्यावर त्याचा खोका गॅरेजमध्ये तसाच सोडू नये, फाडून टाकावा. नकली डबीला असे रिकामे खोकेच हवे असतात.