मोहल्ला, पोलीस आणि सरकारी वकील : हाय पॉइंटचा धडा

गुन्हेगारी रोखणे हे पोलिसांचे काम, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या मोहल्ल्याचा पोलिसांवर एतबार नाही, तेथे साक्ष द्यायला पुढे कोण येणार? अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हाय पॉइंट शहराने २००४ साली या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते अभ्यासण्याजोगे आहे.

तेथील वेस्ट एंड वस्तीत अमली पदार्थांची उघड विक्री चाले. धाडी पडत, धरपकड होई आणि थोड्याच दिवसांत बाजार पुन्हा भरे. कृष्णवर्णीय रहिवाशांना वाटे, पोलिसांना आमची मुले केवळ तुरुंगात डांबायची आहेत. पोलिसांना वाटे, या लोकांना गुन्ह्याचे काहीच वाटत नाही. पोलीसप्रमुख जेम्स फीली आणि अभ्यासक डेव्हिड केनेडी यांच्या पुढाकाराने दोन्ही बाजू प्रथम हे समोरासमोर बोलल्या. जुनी पद्धत निष्फळ ठरली, हे पोलिसांनी कबूल केले. हा धंदा आम्हालाही नको, हे रहिवाशांनी सांगितले.

त्यानंतर विक्रेत्यांची यादी झाली. हिंसक विक्रेत्यांना अटक झाली. इतरांविरुद्ध पुरावा जमवून खटले मात्र राखून ठेवण्यात आले. त्यांना नातलगांसह बैठकीस बोलावले. वडीलधाऱ्यांनी समजावले, कामधंद्यासाठी मदत देऊ केली आणि सरकारी वकिलांनी स्पष्ट केले की, धंदा सोडल्यास खटला नाही, पुन्हा विकल्यास तत्काळ कारवाई. वेस्ट एंडचा उघडा बाजार उठला. पुढे इतर शहरांनीही हा मार्ग अनुसरला. यश सर्वत्र सारखे आले नाही.

आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी आणता येणार नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र या प्रयोगाचा पहिला भाग, म्हणजे मोकळा संवाद, आपल्याला अपरिचित नाही. १९८४ ची दंगल सोसलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

दोन्ही ठिकाणी संवाद आधी झाला, म्हणून कायद्याचा शब्द लोकांना आपला वाटला. पोलीस ठाण्याची पायरी चढताना घाबरणारा विद्यार्थी आपल्या वर्गात असतोच. तक्रार कशी नोंदवावी, तिची प्रत कशी मागावी, सरकारी वकिलाचे काम काय, एवढे जरी आपण त्याला शिकवले, तरी या संवादाची सुरुवात होईल.