निर्णयानंतरचा शोक

घरात मृत्यू झाला म्हणजे काय करावे हे रूढीने आपल्याला शिकविले आहे. शेजारी येऊन बसतात, जेवणाचा डबा येतो, दहावे-तेरावे होते. परंतु हवेसे असलेले मूल गर्भातच गंभीर व्यंगाने ग्रासले आहे असे कळते आणि आईबापांना गर्भपाताचा निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा यांपैकी बहुधा काहीच घडत नाही. असे व्यंग पुष्कळदा १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसते. तोवर बाळाची हालचाल जाणवू लागलेली असते.

१९७१ च्या कायद्याने अशा प्रसंगी २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताला वाट दिली. २०२१ च्या दुरुस्तीने, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास, ही मर्यादाही उठविली. मनाचा भार मात्र कायद्याला उतरविता येत नाही.

या शोकाला निर्णयाची जोड असते. ‘आपणच हे केले’ हा सल आत राहतो. म्हणून सहज बोललेले शब्दही फार लागतात. ‘बरे झाले, सुटलात’, ‘तरुण आहात, दुसरे होईल’ असे म्हणताना गेलेले मूल आपण हिशेबातच धरत नाही. ‘आणखी एका डॉक्टरांना विचारायचे होते’ हे तर मुळीच म्हणू नये. तो खटला त्यांच्या मनात रोज चालूच असतो.

मग करावे काय? ‘फार वाईट झाले. बोलावेसे वाटले तर मी आहे,’ एवढे पुरे. दिवस बरेच गेलेले असतील तर आईला दूधही येते. तेव्हा तिला उपदेश नको, विश्रांती आणि डॉक्टरांचा सल्ला हवा. नोकरी करणाऱ्या स्त्रीला कायद्याच्या अटींनुसार ६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ‘तिला सांभाळ’ असे नवऱ्याला सगळेच बजावतात, पण त्याला कोणी काही विचारत नाही. त्याचीही चौकशी करावी. एक रडेल, दुसरा कामात बुडेल. म्हणून एकाचे दुःख कमी ठरत नाही.

ही गोष्ट चारचौघांत नेऊ नये. डॉक्टरांवर कायद्याने गुप्ततेचे बंधन आहे, ते आप्तांनीही पाळावे. बाळंतपणाची ठरलेली तारीख जवळ आली की आठवणीने भेटून यावे. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे.

त्यांनी योग्य केले की अयोग्य, हे ठरविण्याचे काम आपल्याकडे कोणी सोपविलेले नाही. त्यांच्याजवळ बसणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे.