खलपुरुषाची कैफियत

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 1963 साली 'एक्स-मेन' या अमेरिकन चित्रकथामालिकेच्या पहिल्याच अंकात मॅग्नेटो या खलपुरुषाला लष्करी तळावर चाल करून जाताना दाखविले, तेव्हा चुंबकीय सामर्थ्य आणि सत्तेची हाव यांपलीकडे त्या गृहस्थाजवळ फारसे काही नव्हते. आणि नुसती हाव असलेला खलपुरुष, निदान माझ्या मते, लवकरच कंटाळवाणा होतो. पुढे लेखक ख्रिस क्लेरमाँट यांनी त्याला पूर्वायुष्य बहाल केले. 1981 च्या 150 व्या अंकात, ऑश्विट्झच्या छळछावणीत वाढलेला हा मनुष्य अखिल राष्ट्रांना शस्त्रे टाकण्याचे फर्मान सोडतो, आपल्यावर क्षेपणास्त्रे डागणारी सोव्हिएत पाणबुडी माणसांसकट बुडवितो, आणि एक्स-मेन चमूतल्या किटी प्राइडवर प्राणघातक प्रहार केल्यावर, ही तर अजून पोर आहे, हे ध्यानी येताच स्वतःच हादरतो. म्युटंटांचा, म्हणजे त्याच्यासारख्या जन्मजात अद्भुत शक्ती लाभलेल्या माणसांचा, उद्या ऑश्विट्झसारखाच संहार होईल ही त्याची भीती वाचकाला सहजासहजी खोडून काढता येत नाही, कारण इतिहासाचा दाखला त्याच्याच दप्तरी आहे. कैफियत मंजूर, इलाज मात्र नामंजूर, अशा पेचात सापडलेला वाचक मग एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर झेवियर याच्या, माणसे आणि म्युटंट यांच्या सहजीवनाच्या उपदेशाकडेही किंचित संशयाने पाहू लागतो.