विठ्ठल मंदिराबाहेरचे पंढरपूर : काय पाहावे, का पाहावे?

चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांना पंढरपूरची दर्शनरांग लांबच लांब जाते. पदस्पर्शदर्शन झाले की अनेक जण थेट परतीची एसटी गाठतात. पण पंढरपूरची यात्रा केवळ गाभाऱ्यापुरती नाही.

आधी पुंडलिक का?

आधी चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिकाचे दर्शन आणि त्यानंतर विठ्ठल, असा परंपरेचा क्रम आहे. भीमा नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. आई-वडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने देवाला उभे राहायला वीट दिली, अशी कथा सांगतात. त्याचे मंदिर नदीपात्रातच आहे. उजनी आणि वीर धरणांतून मोठा विसर्ग झाला की ते पाण्याने वेढले जाते. त्यामुळे पावसाळ्यात विसर्गाची माहिती घेऊनच वाळवंटात उतरावे.

महाद्वारासमोर कोणाची समाधी?

मंदिराच्या महाद्वारातील पहिली पायरी म्हणजे नामदेव पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. भाविक तिच्यावर पाय देत नाहीत.

समोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, असे परंपरा सांगते. जातीमुळे चोखोबांना हयातीत मंदिरात प्रवेश मिळाला नाही.

हे दार कधी उघडले?

मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरातच उपोषण केले. त्यानंतर हे दार उघडले. चोखोबांच्या काळापासून तोवर सुमारे सहाशे वर्षे उलटली होती.

गावाबाहेर काय?

दक्षिणेला गोपाळपूर आहे. आषाढी पौर्णिमेला इथे गोपाळकाला होतो आणि वारीची सांगता होते. जवळच नदीपात्रात विष्णुपद आहे. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम तिथे असतो, असे मानतात. त्या महिन्यात भाविक आवर्जून तिथे जातात.

वेळ कमी असेल तर?

पुंडलिक, नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी एवढे तरी पाहावे. गर्दीत अनेक वारकरी बाहेरूनच कळसाला हात जोडून परततात. त्यांच्यासाठी ते दर्शनच असते. मात्र आज बाहेर थांबणे ही निवड आहे. चोखोबांना ती नव्हती.